उजनीचा फाटा

लातूर
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय बंडू,

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा मी मुद्दाम उचलला नाही. नंतर 'रेंज नव्हती' असं कळवलं, तेही खोटं. तुझ्याशी बोलायला लागलो असतो तर आक्काच्या पोराचं निघालं असतं, आणि त्याच्यामागून उजनीचं. म्हणून टाळलं. आता टाळता येत नाही. घरातली सगळी झोपलीत म्हणून लिहायला बसलोय.

तब्येती ठीक. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर आटोक्यात.

आक्काचा धाकटा दिवाळीच्या आधी रेणापूरहून मोटारसायकलवर येत होता. दिवस मावळलेला. समोरून सोयाबीन भरलेला टेम्पो, आणि त्या टेम्पोला ओलांडून एक पांढरी गाडी थेट याच्या अंगावर. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. आत रॉड घातलाय, तीन महिने पाय टेकायचा नाही. गाडी थांबली नाही.

तिसऱ्या दिवशी मी आणि भावजी तिथल्या खताच्या दुकानात गेलो. त्याच्या कॅमेऱ्यात सगळं आलंय, बंडू. गाडी समोरून येते ती इतकी स्वच्छ दिसते, की बंपरखाली लोंबणारी लिंबू-मिरचीसुद्धा ओळखू येते. आणि पाटीच्या जागी दोन भोकं. मागची बाजू टेम्पोच्या आड गेली, ती कुठंच नाही. आक्कानं ते माझ्या मोबाइलवर पाच वेळा लावायला सांगितलं. दर वेळी एकच विचारायची, "भाऊ, मिरच्या मोजता येतायत, मग नंबर कसा दिसत नाही?"

मी काय सांगणार होतो तिला?

नंबर मिळाला असता तर त्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यावर दावा लावता आला असता. दवाखान्याचं बिल, बुडालेली मजुरी, पुढं पाय आखूड राहिला तर त्याचं, सगळं न्यायाधिकरणापुढं मांडता आलं असतं. गाडीच सापडत नाही म्हटल्यावर उरते २०२२ ची हिट अँड रनची योजना. माणूस गेला तर २ लाख, गंभीर जखमी असेल तर ५० हजार. त्याचे कागद जमवायला मी आता तहसीलच्या पायऱ्या झिजवतोय. एका पत्र्याच्या तुकड्यापायी पोरगं कुठल्या कुठं ढकललं गेलं बघ.

हे झालं आक्काकडचं. खरं पत्र इथून पुढं आहे.

गुरुवारी संध्याकाळी आमचे चिरंजीव गाडी धुऊन आले. मी सहज पुढं बघितलं तर पाटी नाही. एप्रिलमध्ये नवी हाय सिक्युरिटी पाटी बसवून घेतली होती. आपली गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची, म्हणून बसवावीच लागली. ७४५ रुपये आणि वर जीएसटी. अशोकचक्राचा होलोग्राम, खाली लेझरनं कोरलेला क्रमांक, आणि एकदा बसवली की निघू नये असं कुलूप. ते कुलूप पठ्ठ्यानं मित्राच्या गॅरेजात तोडून पाटी डिक्कीत टाकली होती. का, तर बंपर मोकळा छान दिसतो!

तुझं वाक्य, बंडू. शब्द न् शब्द तुझा. "पाटीनं गाडीचं नाक बसकं दिसतं" असं म्हणून तू तात्यांच्या मारुती आठशेची पाटी काढली होतीस, आणि स्क्रू ठेवायला माझ्याच खिशात दिले होतेस.

मी पोरावर ओरडलो. नियम सांगितला, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला पन्नासावा, की पाटी पुढं पण पाहिजे आणि मागं पण. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये राष्ट्रपतींच्या गाडीलासुद्धा नंबर लावा म्हणून सांगितलंय, हेही सांगितलं. तो शांतपणे मोबाइल काढून म्हणाला, "बंडूकाकांच्या नव्या गाडीला तरी कुठाय?"

तुझा दिवाळीचा फोटो. वहिनी बॉनेटला टेकून उभ्या आहेत आणि पुढं पाटी नाही.

तुझी चूक नाही, मला माहीत आहे. तुमच्या अमेरिकेतल्या ओहायोत जुलै २०२० पासून पुढची पाटी लागत नाही, तूच सांगितलं होतंस, आणि टेक्सासला, कॅलिफोर्नियाला दोन्ही लागतात हेही. तुझा मुद्दा तेव्हाही हाच होता, की कॅमेरे मागून फोटो घेतात, एक पाटी पुरते. त्यावर आपण फोनवर तासभर भांडलो आणि मला नीट उत्तर देता आलं नाही. आता आहे. मागची पाटी गाडी निघून गेल्यावर दिसते. ज्याच्या अंगावर गाडी येते त्याच्यासमोर गाडीची पुढचीच बाजू असते. तो पडला, त्याच्या डोळ्यांत धूळ गेली, तर त्याच्याजवळ राहतं ते त्या आधीच्या एका क्षणात दिसलेलं. तेवढ्यात त्याला नंबर दिसला पाहिजे. शेवटचे चार आकडे दिसले तरी पोलिसांना धागा मिळतो.

आणि आपल्याला हे तेव्हापासून माहीत आहे, बंडू.

तुळजापूरहून परत येताना उजनीला थांबलो होतो. एक वाटी म्हणता म्हणता तू पाच वाट्या बासुंदी खाल्लीस, पैसे मीच दिले, अजून यायचेत. आणि मग फाट्यापुढं तो सायकलवाला. दोन्हीकडं दुधाच्या किटल्या. किटल्यांचा आवाज मला आजही येतो. तो उठून बसला आणि त्यानं आपल्याकडं बघितलं नाही. गाडीच्या बंपरकडं बघितलं. तिथं काहीच नव्हतं. तू गाडी तशीच मागं घेत घेत फाट्यापर्यंत आणलीस आणि दुसऱ्या रस्त्यानं काढलीस. त्याला मागची पाटी दिसलीच नाही. त्याचं दूध सांडलेलं, एक हात दुसऱ्या हातानं धरलेला.

बावीस वर्षं आपण भांडतोय, 'चल' कोण म्हणालं. तू म्हणतोस मी, मी म्हणतो तू. तुझ्या लग्नाच्या आदल्या रात्रीही याच्यावरून तू जेवला नव्हतास. मीच म्हणालो होतो, बंडू. "थांबू नको, नंबर दिसला नाही त्याला" असं म्हणालो होतो. स्क्रू माझ्या खिशात होते आणि मी ते चाचपत होतो. तुझ्यावर इतकी वर्षं ढकललं, त्याची माफी माग म्हणालास तर फोनवर मागेन.

आक्का 'कोण असेल रे तो, घरी जाऊन जेवला असेल का?' असं विचारते. आपण जेवलो होतो. तुझ्या आईनं धपाटे केले होते.

पोराला अजून यातलं काही सांगितलेलं नाही. नुसतं ओरडून तो पाटी लावेल आणि मी गावाला गेलो की काढेल. सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल, तुझं नाव घेऊन. म्हणून आधी तुला विचारतोय. तुझा नकार असेल तर तुझं नाव वगळून सांगेन, माझं सांगणारच आहे. पाटी नव्यानं मागवलीय. ती येईपर्यंत गाडी दारातून हलणार नाही असं घरात सांगून टाकलंय, त्यावरून दोन दिवस अबोला आहे.

छोटीला विद्यापीठात प्रवेश मिळाला हे काकूंकडून कळलं, लई आनंद झाला. घराचे हप्ते कसे चाललेत? वहिनींना नमस्कार. काकूंकडं दर शनिवारी चक्कर असते, काळजी करू नको.

पुढच्या रविवारी एसटीनं पोराला घेऊन उजनीला जायचं ठरवलंय. दूध घालणारा माणूस, तेव्हा पन्नाशीचा असेल. असेल की नाही ठाऊक नाही, पण डेअरीवर कुणाला तरी हात मोडलेला आठवेल. गाडी तू चालवत होतास, तुला जास्त आठवत असेल. तो जिथं पडला तिथं कडुलिंब होता की बाभूळ, आणि फाट्यापासून किती लांब, एवढं शनिवारच्या आत कळव.

तुझा,
भाऊ