पोस्टडॉकचे अर्ज : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

नागपुरातल्या नीरी (पर्यावरण संशोधन संस्था), व्हीएनआयटी (अभियांत्रिकी संस्था), कापूस संशोधन संस्था आणि विद्यापीठात पीएचडी संपवत आलेल्यांनी पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधन-कामाची, शोधाशोध आताच सुरू करावी. पदवी हातात पडायची वाट बघू नका. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपला (ती देणारी केंद्र सरकारची संस्था आधी एसईआरबी, आता एएनआरएफ) प्रबंध सादर केलेले उमेदवारही अर्ज करू शकतात. वयोमर्यादा ३५ वर्षे, महिला व राखीव प्रवर्गाला ५ वर्षांची सवलत. ज्यांच्याकडे पोस्टडॉक करायचे त्या मार्गदर्शकाची संमती मात्र आधी लागते आणि खरा वेळ तिथेच जातो.

म्हणून ही संमती मागणाऱ्या पत्राकडे नीट लक्ष द्या. "आदरणीय सर, मला आपल्या प्रयोगशाळेत काम करायचे आहे" असे एकच पत्र पन्नास जणांना धाडू नका, ते उघडलेही जात नाही. त्या प्राध्यापकांचा अलीकडचा एक शोधनिबंध वाचा, त्यातला कुठला प्रश्न तुम्ही पुढे नेऊ शकता ते चार ओळींत लिहा. सोबत दोन पानी सीव्ही.

युरोपच्या मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपसाठी पीएचडीनंतरचा संशोधनाचा अनुभव ८ वर्षांपेक्षा जास्त नसावा. तिथे अंतिम तारखेपर्यंत पीएचडी पूर्ण असावी लागते, हे विसरू नका.

येत्या रविवारी सकाळी ११ वाजता धरमपेठेतल्या नेहमीच्या जागी पत्रांचे कच्चे मसुदे वाचू. रसायन, जीवशास्त्र, भौतिक, गणित, कुठलाही विषय चालेल. लहान मूल असलेल्या सभासदांनी मुलांना खुशाल सोबत आणावे. मसुद्याच्या दोन प्रती हव्यात.