मार्चमध्ये येतात ती

पुणे,
कोजागिरीचा दुसरा दिवस

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवलास त्यानंतर मी बराच वेळ गॅलरीत उभी होते. बाबांना सांगितलं, रेंज गेली. लॉनमध्ये डॅफोडिल-क्रोकसच्या फुलांचे दोनशे कंद लावले, गुडघ्यापर्यंत चिखल झाला, पाठ भरून आली, असं तू किती दिवसांनी सलग बोलत होतीस. आणि मी काय म्हणाले, तर इंग्लंडात भाड्याच्या घरात कशाला एवढा खटाटोप, जूनमध्ये करार संपतोय, पुढची फुलं दुसराच कोणी बघणार. तू म्हणालीस, "आई, मार्चमध्ये येतात ती." बस.

तू काय म्हणालीस ते मला रात्री दोन वाजता कळलं. जुलैच्या त्या फोनवर तू म्हणाली होतीस की दिवाळीच्या पलीकडचं काही दिसतच नाही. त्याच मुलीने मार्चची फुलं लावली आणि मी कराराचे महिने मोजत बसले. चुकलं माझं, मुक्ता.

झोप लागते का गं आता? हे विचारणार नव्हते.

बाबांनी तेव्हापासून कंदांवर मिळेल ते वाचून काढलंय. काल स्वयंपाकघरातला कांदा घेऊन पट्टीने मोजत होते. कंद जेवढा उंच, त्याच्या दुप्पट-तिप्पट खोल खड्डा, म्हणजे डॅफोडिल दहा-पंधरा सेंटिमीटर तरी खाली गेला पाहिजे. शेंडा वर, मुळांची चकती खाली. तुझ्याकडची माती चिकट आहे म्हणालीस, तर खड्ड्याच्या तळाशी थोडी भरड वाळू घातली होतीस का? पाणी साचलं तर कंद सडतो. आपला निशिगंध त्या पावसाळ्यात असाच गेला होता, कुंडीचं भोक बुजलं होतं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. आणि हातमोजे घालत जा, डॅफोडिलच्या चिकाने कातडीला खाज सुटते.

मूठ भरून कंद गवतावर उधळले आणि जिथे पडले तिथेच लावले, हे तू सांगितलंस ते मला फार आवडलं. आजीची रेन लिली आठवली. तिने कधी ओळ धरून लावली नाही. पहिला पाऊस पडून गेला की चार दिवसांत अंगणभर कुठूनही गुलाबी फुलं वर यायची, तुळशीच्या मागून, पायरीच्या फटीतून, आणि तू चपला हातात घेऊन चालायचीस, तुडवली जाऊ नयेत म्हणून. तेव्हा साडेतीन वर्षांची होतीस तू.

ताईआत्याने आणलेले ट्युलिप आठवतात का? तू चौथीत होतीस. ट्युलिपला बारा-चौदा आठवडे थंडी लागते आणि पुण्यात जानेवारीतही दुपारी तीसपर्यंत पारा जातो, म्हणून बाबांनी ते फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवले. जानेवारीत कुंड्यांत लावले. रोज शाळेला जायच्या आधी तू पट्टी लावून पानं मोजायचीस. पानं आली, फूल काही येईना. शेवटी तू स्वतः एक कंद उपटलास आणि सुरीने उभा चिरलास. आत इवलीशी कळी होती, तपकिरी, वाळून गेलेली. तू रडली नाहीस. म्हणालीस, "फूल होतं आत, बाहेर नाही आलं." पुढच्या वर्षी एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात तू प्रत्येक फुलापाशी थांबून बघत होतीस.

परवा बाबांना वाचताना सापडलं. त्याच कप्प्यात मी सफरचंदं ठेवली होती. सफरचंदातून जो वायू निघतो त्याने कंदातली कळी आतल्या आत मरते. इतकी वर्षं आम्ही पुण्याच्या उन्हाला बोल लावत होतो. त्या दिवशी मी तुला म्हटलं होतं, धीर नाही तुझ्यात, आठ दिवस थांबली असतीस तर आलं असतं. तेही मला आत्ता परत घ्यायचंय.

महिनाअखेरीला हिवाळ्यासाठी तुमची घड्याळं तासभर मागे जातील. डिसेंबरात लीड्सला पावणेचारला सूर्य मावळतो, मी बघून ठेवलंय. त्या दिवसांत खोलीत बसून राहू नकोस. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर पड, पाऊस असला तरी. बरं वाटायला लागलं म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारूनच. रात्री फोन उशाशी नको. आणि उठल्या उठल्या उपाशीपोटी कॉफी... पुन्हा सुरू झालं माझं. तू सगळं नीट करते आहेस. एकटीने डॉक्टरांकडे गेलीस, आम्हाला नंतर सांगितलंस. मला ते तेव्हा लागलं होतं, आता अभिमान वाटतो. कधी कधी अजूनही लागतं.

घरमालकीणबाईंना एक मात्र आत्ताच सांगून ठेव. फुलं गेल्यावर निदान सहा आठवडे तिथलं गवत कापायचं नाही. पानं लोळतात, पिवळी पडतात, बघायला वाईट दिसतं, पण पुढच्या वर्षीच्या फुलाची शिदोरी ती पानंच कंदात भरत असतात. वेणीसारखी गुंफून, रबर लावूनही ठेवायची नाहीत. आणि तिकडच्या त्या करड्या खारी क्रोकसचे कंद उकरून खातात म्हणे, डॅफोडिलच्या वाट्याला जात नाहीत. कोंब दिसेपर्यंत क्रोकसवर जाळी अंथर.

मार्चसाठी बाबा पासपोर्ट काढून बघत होते. तुला चालणार असेल तरच. नको म्हणालीस तरी राग नाही. पण तोवर एक कर. दर रविवारी सकाळी त्या लॉनचा एक फोटो पाठव. आत्ता काही दिसणार नाही, माहीत आहे मला. नुसतं गवत असलं तरी पाठव. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस.

रात्री झोप लागली की नाही, तेही त्यातच एका शब्दात लिहीत जा.

तुझी,
आई

ता. क. — उरलेले कंद स्वयंपाकघरात ठेवू नकोस. डॅफोडिलचा कंद हुबेहूब कांद्यासारखा दिसतो आणि विषारी असतो. बाहेरच्या शेडमध्ये ठेव. नाहीतर असं कर, उरलेत तेवढेही लावूनच टाक.