सात फुटांचं कपाट आणि माडीची तुळई

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या फळ्यांत खोक्यातून येणारं आणि आपलं आपण जोडायचं कपाट गेल्या महिन्यात मी ऑनलाइन मागवलं. तीन दारांचं, सात फूट उंच, चार फूट रुंद, दोन फूट खोल. जाहिरातीत ‘स्वतः जोडा, सोपं आहे’ एवढंच होतं. जोडून देणारा माणूस मिळेल का म्हणून बघितलं, तर ‘आपल्या पिनकोडवर ही सेवा उपलब्ध नाही’. म्हटलं, नसू दे. शिवाजी उद्यमनगरातल्या फौंड्रीत मी चौतीस वर्षं पॅटर्नमेकर होतो, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने करणारा. ओतलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार होताना आकसतं म्हणून लाकडाच्या पॅटर्नला मीटरमागं दहा मिलिमीटर जादा धरायचे, असल्या हिशेबात जन्म गेला. चार फळ्या जोडायला मला कोण लागतंय! मंडळी पुण्याला लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या, त्या यायच्या आत कपाट उभं करून ठेवायचं असा बेत होता.

कपाट माडीवरच जाणार हे आधीच ठरलं होतं. आमचं घर शुक्रवार पेठेत. २०१९ च्या पुरात खाली सोप्यात पाणी शिरलं तेव्हा आजोबांचं सागवानी कपाट चिखल धुऊन, सावलीत वाळवून परत वापरात आलं. शेजाऱ्यांचं टीव्ही युनिट मात्र भिजल्या पावासारखं फुगलं आणि बोट लावलं तरी भुगा पडायला लागला. लाकडाचा चुरा रेझिन घालून दाबलेली चिपबोर्डाची फळी ती, पाणी प्याली की संपली. नवं कपाटही तसल्याच फळ्यांचं.

तीन खोकी आली, वजन १०८ किलो. टेम्पोवाल्यानं ती दारात ठेवली, फोटो काढला आणि गेला. मी खोकी सोप्यातच फोडली आणि अकरा पायऱ्यांचा लाकडी जिना चढत एकेक फळी वर नेली. दुपार त्यातच गेली. सोबतच्या कागदावर एक अक्षर नाही, नुसती चित्रं. पहिल्याच चित्रात एकटा माणूस तोंड पाडून उभा, त्याच्यावर फुली; शेजारी दोघे हसताना. मी पान उलटलं.

काम मात्र आवडलं, खोटं कशाला बोलू. आमच्या दोन भागांच्या पॅटर्नमध्ये डॉवेल, म्हणजे भाग जुळवणाऱ्या खुंट्या असतात, तसेच लाकडी डॉवेल इथंही, भोकात घट्ट बसणारे. मिनीफिक्स म्हणजे फळीत बसणारी, खिळ्याचं डोकं पकडून सांधा आवळणारी गोल चकती; तिच्यावरचा बाण खिळ्याच्या भोकाकडं करून ठेवायचा, फळी सरकवायची आणि मग अर्धा फेरा द्यायचा. बाण उलटा राहिला तर फळी आतच जात नाही, आणि आपण हातोडी शोधायला लागतो. मागच्या तीन मिलिमीटरच्या हार्डबोर्डला लोक नावं ठेवतात, पण कपाट गुण्यात, म्हणजे काटकोनात धरतो तो तोच. तो ठोकण्याआधी दोन्ही कर्ण टेपनं मोजले. सुताचाही फरक नव्हता. दारं नंतर लावायची म्हणून बाजूला ठेवली आणि सांगाडा पाठीवर आडवा असताना त्याच्याकडं बघत चहा घेतला.

मग उभा करायला घेतला. एका टोकाला जोर लावायचा, खाली गादीची वळकटी सारायची, मग पाट, मग स्टूल. असं करत तो निम्म्याच्या वर उठला, हाताला हलका लागायला लागला, आणि खट्ट! वरचा कोपरा तुळईला टेकला.

कपाट सात फूट म्हणजे ८४ इंच. आमच्या तुळईखाली जागा ८६ इंच, ती मी मागवण्याआधी मोजली होती. पण आडवं कपाट उभं होताना त्याचा कर्ण फिरतो. ८४ आणि २४ चा कर्ण निघतो ८७.४ इंच. म्हणजे जेमतेम दीड इंचानं घात झाला. शाळेत सातवी-आठवीत शिकवतात हे. चौतीस वर्षं शिकाऊ पोरांना ‘आधी ड्रॉइंग वाच’ म्हणून ओरडलो, त्यातल्या कुणी तेव्हा बघितलं नाही हे नशीब.

आता ते वर जाईना. खाली घ्यावं, तर जसजसं आडवं होईल तसतसं वजन हातावर येणार, आणि टेकू सारायला तिसरा हात नाही. फोन खाली देवळीत. खिडकी जवळ होती म्हणून हाक मारता आली. समोरच्या तालमीतली दोन पोरं जिना दणाणत वर आली.

‘‘आण्णा, आधी हाक मारायची की वो! लाज वाटत हुती व्हय?’’

वाटत होती. बोललो नाही.

सांगाडा आम्ही तिघांनी खाली घेतला, सगळा सोडवला आणि दुसऱ्या दिवशी उभ्यानंच जोडला. दोन पोरं दोन बाजू धरून. हार्डबोर्डाचे खिळे उपसताना चिपबोर्डाचे टवके उडाले, दोन बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले झाले. त्या भोकांत काडेपेटीच्या काड्या फेविकॉल लावून ठोकल्या. नव्या कपाटाला पहिल्याच दिवशी काड्या!

विकणाऱ्यांकडं मागणी एवढीच, की पैसे भरायच्या पानावरच मराठीत तीन गोष्टी छापा: माणसं किती लागतील, आडवं जोडून उभं करायचं तर वर किती मोकळी जागा हवी, आणि सगळ्यात जड खोकं किती किलोचं. खोक्यातल्या कागदावर फुली मारून उपयोग नाही, तो कागद पैसे गेल्यावर हातात येतो. मालाची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तसं लिहिलंय. आमच्या पेठेत पोरं पुण्या-मुंबईला आणि घरात एक म्हातारं, अशी घरं मी दहा-बारा तरी मोजून दाखवतो. त्यांनी दुसरा माणूस कुठनं आणायचा, ते मागवायच्या आधी कळलं पाहिजे.

खोक्यात कपाट भिंतीला जखडायची पट्टी असते, ती टाकून देऊ नका. ड्रॉवरची कपाटं कलंडून पोरं दगावल्यामुळं अमेरिकेत २०१६ मध्ये एका बड्या कंपनीला सुमारे २ कोटी ९० लाख नग परत बोलवावे लागले, आणि २०२२ मध्ये तिथं त्यासाठी कायदा झाला. आमच्याकडं दोन वर्षांत नातवंड ड्रॉवरवर चढणार, म्हणून मी लगेच ड्रिल आणलं. पण भिंती पांढऱ्या मातीच्या; आठ मिलिमीटरच्या भोकातून मूठभर माती पडली आणि प्लग नुसता फिरत राहिला. शेवटी पट्टी वर वळवून तुळईलाच मारली. जुनं सागवान आहे, स्क्रू जाताना घाम निघाला.

पत्राखाली माझं नाव छापू नये. पुण्याला जावई आपलाच पेपर घेतात, मंडळी तो पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचतात, आणि कपाट एकट्यानं जोडलं असं मी फोनवर सांगून बसलोय.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर