पिठाचा वाफसा

कोपरखैरणे,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय दत्त्या,

फोन उचलत नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील तर आता वाच. हे फोनवर बोलता येणार नव्हतं. तीनदा नंबर काढला, तीनदा ठेवला. तब्येत बरी आहे. कोपराला ओव्हनचा चटका बसलाय, तो वाळतोय.

परवा काय झालं सांगतो. तुर्भ्याच्या ज्या भट्टीवर मी आठ महिने राबलो, तिथल्या उस्तादांनी एक नवं पोरगं माझ्याकडे शिकायला धाडलंय. मैदा मळताना दर दोन मिनिटांनी विचारतंय, "झालं का? झालं का?" आम्हाला क्लासात शिकवलेलं, गोळा बोटांनी हळूहळू ताणायचा, पापुद्र्यातून उजेड दिसला आणि तो फाटला नाही की पीठ तयार. हेच सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "थांब, अजून वाफसा आला नाही." पोरगं माझ्याकडे बघतच राहिलं. बदलापूरचं आहे, वाफसा म्हणजे पेरणीजोगी ओल, हे त्याला काय कळणार! खरं तर उलटंच आहे. मातीचा मुठीतला गोळा खाली पडून फुटायला हवा, आणि हा फाटायला नको. पण हाताला कळायचं ते तसंच कळतं रे. इथं पावसाळ्यात हवा एवढी दमट की किलोला 650 ऐवजी 600 ग्रॅमच पाणी घालतो, तरी तासाचं पीठ चाळीस मिनिटांत फुगून वर येतं. हे वहीत नव्हतं.

आणि वाफशावर तू तर बोलूच नकोस. "उद्या परत पाऊस आहे, आजच पेरू," कोण म्हणालं होतं? चिखलात घातलेल्या सोयाबीनच्या तीन पिशव्या कुजल्या, दुबार पेरणीचं बियाणं मी उधारीनं आणलं. तू अजून म्हणतोस बियाणंच बोगस होतं. नव्हतं.

तर त्याच संध्याकाळी आबांचा फोन. म्हैस, पाऊस, लाईटीची पाळी, सगळं सांगून झालं आणि ठेवता ठेवता म्हणाले, "ओढ्याकडचं सव्वा एकर जूनमध्येच दत्तूला दिलं खंडानं. दोन वर्षं." जणू विळा उसना दिलाय.

राग आला, खोटं कशाला बोलू. कुणाचा, ते ठरेना. जूनमध्ये त्यांनी बोलावलं होतं, "वाफसा आलाय, दोन दिवस ये." माझ्याकडे सीवूड्सच्या एका सोसायटीची तीनशे पावांची ऑर्डर होती. नाही आलो. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. सदुसष्टाव्या वर्षी एकट्यानं किती ओढायचं? तू घेतलंस ते बरंच झालं. वरच्या आळीतल्या त्या महात्म्यानं घेतलं असतं तर दोन वर्षांत बांध कोरून कोरून फुटभर आत आला असता. सगळं कळतं मला. पण तीन महिने रोज सकाळी गुलाबाची फुलं पाठवतोस, त्यात हे एक वाक्य नाही मावलं?

बरं, मी तरी कुठं विचारलं? पेरणी झाली का, एवढंच विचारलं. "झाली" म्हणाले. कुणी केली, हे विचारलंच नाही. तेच दोन दिवस डोक्यात फिरतंय. पूर्वी कांद्याची गाडी वाशीला सुटली की पट्टी हातात येईपर्यंत झोप नसायची, आठवतं? हमाली, तोलाई, भाडं कापून उरलेले आकडे तू पाठ म्हणायचास. आता त्याच मार्केटात मी मसालापावासाठी गोणी घेतो आणि भाव पाडून मागतो. परवा एका व्यापाऱ्यानं सांगितलं, माल ओतूरचा आहे. त्या दिवशी घासाघीस केली नाही. घरी येऊन बघितलं तर निम्मा कांदा दुभाळका, जोड. तुझाच असणार.

काकूंचा गुडघा कसा आहे? छोटीच्या बारशाला आलो नाही, वहिनींपुढे माझ्या वतीनं कान धर. ट्रॅक्टरचे हप्ते संपले का?

आता कामाचं. खारघरची गिऱ्हाइकं खपलीचा ब्रेड मागतात. नुसत्या खपलीचा केला तर फुगतच नाही, त्या गव्हाला चिकटपणा कमी. पहिला ब्रेड बघून ही म्हणाली, दाराला लावून ठेवा, वाऱ्यानं आपटतं. आता अर्धा मैदा घालतो, बरा होतो. पण इथं मिळणारी खपली महाग आणि जुनी. सोयाबीन निघालं की ओढ्याकडच्या खालच्या पट्टीत दहा गुंठे खपली टाकशील? दिवाळीनंतर टाकलीस तरी चालेल. ती टरफल सोडत नाही, तेव्हा भरडून घ्यायचा खर्च माझा. सगळी मी घेतो. पेरायला मी येतो, दोन दिवस, ऑर्डर असली तरी. वाफसा मी बघणार, तू बांधावर बसायचं.

भाव काय लावतोस ते लिही. वाशीच्या व्यापाऱ्यासारखा लावू नकोस.

तुझा,
बंड्या

ता.क. जांभळाची खालची फांदी तोडली असं आबा म्हणाले. का तोडलीस?