नोट माझ्या हातात देणाऱ्या फ्रिजवाल्या दादांना

नमस्कार दादा,

ऐरोलीत आमच्या बिअरच्या छोट्या फ्रिजचं दार तुम्ही नीट करून दिलंत. ठरलेले पैसे दिले, पण तेवढ्याने फिटण्यासारखं ते काम नव्हतं, म्हणून हे पत्र.

तुमच्या आधी आलेल्यांनी दाराकडे पाहिलंच नाही. एकाने गॅस भरला, दुसऱ्याने थर्मोस्टॅट बदलला, पैसे दोघांनी घेतले. लक्षणं तर समोर होती. हँडलच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात कायम दव, आत कॉइलवर, म्हणजे थंडावा देणाऱ्या नळ्यांवर, जाड बर्फ आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. गॅस कमी असता तर कॉइलच्या सुरुवातीच्या थोड्या भागावरच बर्फ धरला असता, बाकीची कोरडी राहिली असती. इथे बर्फ सगळीकडे होता. म्हणजे मशीन थंडावा देत होतं आणि बाहेरची दमट हवा आत शिरत होती. खाडीकाठच्या पावसाळ्यात त्याला केसाएवढी फट पुरते.

तुम्ही पाना काढण्याआधी खिशातून दहाची नोट काढलीत, दारात धरून दार लावलंत आणि म्हणालात, "मी नाही, तुम्ही ओढा." बिजागरीच्या बाजूला नोट घट्ट. खाली घट्ट. हँडलच्या वरच्या कोपऱ्यात मात्र अलगद सुटून हातात आली. दोष काय आहे ते तुम्ही आधी माझ्या बोटांना कळू दिलंत, दुरुस्तीचं बोलणं त्यानंतर. आधीच्यांनी फ्रिजमागे वाकून परस्पर निकाल दिला होता. समोरच्याला यातलं कळत नाही याचा फायदा न घेणारी माणसं अजून आहेत, आणि त्यांच्याच भरवशावर आपण परक्या माणसाला घरात घेतो.

नवं गॅस्केट, म्हणजे दाराच्या कडेचं रबर, तुमच्या पिशवीत होतं. ते विकणं सोपं होतं. पण फट एकाच जागी नव्हती, वरून खाली निमुळती होत गेली होती, म्हणून तुम्ही रबराला दोष दिला नाहीत. दार झुकलं होतं. ६५० मिलीची काचेची भरलेली बाटली किलोच्या वर जाते. दाराच्या कप्प्यात अशा सहा ठेवल्या की सात किलोंच्या आसपास वजन बिजागरीवर लोंबकळतं आणि खालच्या पिनवरचं नायलॉनचं बुश, म्हणजे दार ज्यावर टेकून फिरतं ती कडी, झिजतं. तुम्ही प्लग काढलात, दार रिकामं केलंत, बुश बदललंत, वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल करून हँडलची बाजू उचलून धरलीत आणि तशीच कसलीत.

रबराच्या चपट्या झालेल्या कोपऱ्यासाठी हेअर ड्रायर पुरला. वीतभर लांबून, सतत हलता ठेवून. एकाच जागी धरला तर रबर वितळून वाकडं होतं. ते मऊ झाल्यावर बोटांनी बाहेर ओढलंत आणि थंड होईपर्यंत दार बंद ठेवलंत. खाचेतली काळी बुरशी साबणाच्या कोमट पाण्याने काढायची, थिनर लावायचं नाही, त्याने रबर कडक होतं. बिजागरीच्या बाजूच्या कडेला व्हॅसलिनचा अगदी पातळ हात, म्हणजे दार लावताना ती दुमडत नाही. शेवटी पुढचे दोन्ही पाय थोडे बाहेर फिरवून फ्रिज किंचित मागे कलवलात. आता अर्धवट उघडं राहिलेलं दार आपणहून लागतं.

तुम्ही सांगितलं तसं आता काचेच्या बाटल्या खालच्या जाळीवर आणि दारात फक्त कॅन ठेवतो. मधल्या जाळीवर पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर घालून दिवसभराने पाहिलं, तर पारा ४ अंशांवर. कॉम्प्रेसर मधूनमधून थांबतो.

वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या फ्रिजलाही कोपऱ्यात दव धरतं. त्यांना गॅस भरायला सांगितलंय म्हणे. तुमचा नंबर दिला आहे. फोन आला तर कृपया जाऊन या.

तुमचा ऋणी,
ऐरोलीचा एक ग्राहक