चवथीच्या बाजारातून आई-बाबांना पत्र

कुडाळ,
रविवार, 24 ऑगस्ट 2025

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबांच्या गुडघ्याचे टाके निघाले आणि ते आता वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जातात, हे दादाने काल सांगितले तेव्हा जीव भांड्यात पडला. फोनवर मी तुम्हांला "दुकान नीट चालले आहे" एवढेच सांगते, कारण समोर गिऱ्हाईक उभे असते. पण तेवढ्याने तुमचे समाधान होत नसणार, हे मला कळते. आज दुपारी पावसाने बाजार जरा ओसरला आहे, म्हणून सविस्तर लिहायला बसले. मुंबईहून चाकरमान्यांना घेऊन येणाऱ्या खासगी बसगाड्या परतताना रिकाम्या जातात. त्यांतल्या एका ओळखीच्या ड्रायव्हरजवळ हे पत्र आणि काळ्या वाटाण्यांची पिशवी देत आहे.

यंदा चवथ (गणेशचतुर्थी) बुधवारी, म्हणजे आपल्या आठवडा बाजाराच्याच दिवशी आल्यामुळे गेल्या बुधवारचा, 20 तारखेचा बाजार हाच चवथीआधीचा शेवटचा मोठा बाजार ठरला. सकाळी सातपासून दुकानापुढे माणसे उभी होती. कापूर, वाती, जानवी, अष्टगंध, गूळ, तांदळाची पिठी, नव्या सुनांच्या ओवशासाठी (गौरीपुढे वाण द्यायला) सुपे, आणि प्रत्येकाच्या हातात यादी. तुमचे दुकान सांभाळायला रजा काढून रत्नागिरीहून इथे आले तेव्हा माझी समजूत अशी होती, की भाव पाठ असले आणि हिशेब चोख ठेवला की दुकान चालते. ती समजूत त्या एका दिवसात पुरती उतरली.

दुपारी बाराच्या सुमाराला एक बाई आल्या. यादी लहान होती: एक नारळ, पाव किलो गूळ, अगरबत्ती, कापूर. सामान "वहीत लिहा" असे त्या हळू आवाजात म्हणाल्या. मी वही उघडली, तर त्यांच्या नावावर आधीचेच 640 रुपये होते. मागे पंधरा-वीस माणसे खोळंबली होती, एकाचे तोंड माझ्याकडे तर दुसऱ्याचे घड्याळाकडे, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "मागचे कधी देणार?" त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त नारळ पुन्हा काउंटरवर ठेवला आणि पदराने हात पुसत बाजूला झाल्या. तो हात पुसण्याचा क्षण अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. आपल्या दुकानातला मुलगा मागे गुळाच्या ढेपी फोडत होता, तो पुढे येऊन माझ्या कानाशी म्हणाला, "ताई, नावापुढे टिंब आसा ना, त्यांच्याकडे अण्णा चवथीक पैसे मागणत नाय."

बाबा, तेव्हा मी तुमची वही पहिल्यांदा नीट पाहिली. काही नावांच्या डाव्या बाजूला शिसपेन्सिलीचे एक बारीक टिंब आहे, इतके बारीक की पान पुढ्यात उघडे असले तरी गिऱ्हाइकाच्या लक्षात येऊ नये. मुलाने सांगितले, की ही नावे भाताचे पीक हाती आल्यावर आपणहून पैसे आणून देणारांची आहेत आणि तोपर्यंत त्यांच्याशी उधारीचा विषय काढायचा नाही. इतकी वर्षे मी तुम्हांला वहीवर वाकून बसलेले पाहत आले; तुम्ही आकडेच लिहिता असे मला वाटत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडण्याआधी मी ते सामान घेऊन त्यांच्या घरी गेले. ओटीवर गणपतीचा पाट धुऊन भिंतीला उभा केला होता आणि वरती माटवीची, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळे-फुले बांधायची, चौकट रिकामीच टांगलेली होती. मी चुकले, असे सरळ सांगितले. त्यांनी त्यावर एक शब्दही न बोलता मला बसायला सांगितले, कोरा चहा दिला, आणि बाबांचा गुडघा कसा आहे याची चौकशी केली. त्यांचा मुलगा गोव्यात कामाला आहे आणि त्याचा पगार दोन महिने अडकला आहे, हे मला शेजारणीकडून कळले, त्यांच्याकडून नव्हे. मी माफी मागितली म्हणून बुधवारची ती गोष्ट पुसली गेली असे मी मानत नाही. गर्दीत गेलेली माणसाची अब्रू घरी जाऊन एकांतात परत देता येत नाही. म्हणून तुम्हांला हे कळवणे मला आवश्यक वाटले.

त्या दिवसापासून मी काही गोष्टी बदलल्या आहेत. आई, तू दाराजवळ जे स्टूल आणि पाण्याची कळशी ठेवायचीस, ती मी आल्याबरोबर जागा अडते म्हणून आत नेली होती. ती पुन्हा जागेवर ठेवली आहेत. वयस्कर माणसांची यादी आधी हातात घेऊन त्यांना बसवते आणि सामान त्यांच्यापर्यंत नेऊन देते. पावसात मोबाइलची रेंज जाते, गिऱ्हाईक यूपीआयचे फिरणारे चक्र पाहत ताटकळते, त्याच्या मागचा चिडतो आणि मग सगळेच चिडतात. आता मी नाव लिहून घेते आणि "घरी पोचल्यावर पाठवा" म्हणते. अशा 11 जणांपैकी 10 जणांचे पैसे त्याच संध्याकाळी जमा झाले आणि अकरावे गृहस्थ दुसऱ्या दिवशी वाकडी वाट करून रोख द्यायला आले.

चाकरमान्यांवर आपल्या बाजारात पुष्कळ जण रागावतात, आणि मीही रागावले होते. यंदा दक्षिणेकडच्या राज्यांतले उत्पादन घटल्यामुळे नारळ फार महागला आहे. भाव ऐकून परवा मुंबईहून आलेले एक गृहस्थ माझ्यावर इतके ओरडले, की मुलगा हातातले काम टाकून पुढे आला. मी उलट बोलणारच होते, तेवढ्यात त्यांच्या पत्नीकडे लक्ष गेले: कडेवर झोपलेले मूल, खांद्यावर बॅग, आणि सुजलेली पावले चपलेत मावत नव्हती. रात्रभर, आणि मग अर्धा दिवस, ते महामार्गावर होते. रेल्वेचे आरक्षण आता 60 दिवस आधी उघडते आणि गणपतीच्या तारखांची तिकिटे काही मिनिटांत संपतात. ज्यांना ती मिळतात त्यांच्याही गाड्या पावसाळी वेळापत्रकामुळे सावकाश धावतात. वर्षातून पाच-सात दिवस मिळवण्यासाठी हे लोक जे सोसून येतात, त्याचा शेवटचा टप्पा आपले काउंटर असते, आणि तोवर त्यांच्या अंगात काही उरलेले नसते. मी त्यांच्या पत्नीला आधी स्टूल दिले. भाव कमी केला नाही, पण ते गृहस्थ जाताना "ताई, चुकलं" असे म्हणून गेले.

आपल्या पायरीवर हरणे आणि कवंडळे ही माटवीला बांधायची रानफुले-रानफळे घेऊन बसणाऱ्या आजी यंदाही आल्या आहेत. काल मी थोडा वेळ त्यांच्याजवळ बसले. केळीचे सोपट पाण्यात भिजवून त्याचे धागे त्या नखाने सोडवतात, लाल कवंडळांचे देठ एका लांबीचे करून घेतात आणि दोन वेढे देऊन गाठ अशी मारतात, की जुडी माटवीला उलटी टांगली तरी एक फळ सुटत नाही. एका तरुणाने तीन जुड्या उचकटून पाहिल्या आणि एकही न घेता तो निघून गेला. त्यांनी तिन्ही पुन्हा बांधल्या. मी चिडून काहीतरी बोलले, तर त्या म्हणाल्या, "पयल्यांदाच माटवी बांधता आसात. बघूक नको?" थोड्या वेळाने तो खरेच परत आला आणि पाच जुड्या घेऊन गेला.

बाबा, कॉलेजात असताना मी तुम्हांला एकदा चारचौघांत म्हटले होते, की तुम्ही गिऱ्हाइकाशी इतके बोलत बसता म्हणून आपले दुकान मोठे होत नाही. तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत. ते शब्द मी आज मागे घेते. तुमचा आणि आईचा स्वभावच शांत आहे, असे मी समजत होते. संध्याकाळी सात वाजता पाय भरून आलेले असताना चाळिसाव्या माणसाशी पहिल्या माणसाइतक्याच मऊपणाने बोलायला काय लागते, ते आता मला माझ्या अंगावर कळते आहे.

घरच्या गणपतीची काळजी करू नका. काका माटवीसाठी टाळे (पानांच्या डहाळ्या) उद्या झाडावरून उतरवणार आहेत आणि हळदीची पाने परसात भरपूर आहेत. आई, बाबांना मोदक एकच दे, साखर वाढली आहे असे दादा म्हणत होता.

एक विचारायचे राहिले. वहीच्या शेवटच्या पानावर एका नावापुढे दोन टिंबे आहेत. त्याचा अर्थ मुलालाही ठाऊक नाही. बाबांनी तो फोनवर सांगावा; त्या घरचे कोणी अजून आलेले नाही, पण गेल्या वर्षीची यादी पाहून त्यांचे सामान मी बांधून वेगळे ठेवले आहे.

तुमची,
लेक