फारचा आजार म्हणजे किती फार?

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, "काकांच्या हाडांतलं कॅल्शियम मेंदूत गेलं का रे?" आई शेजारीच होती, म्हणून मी विषय बदलला. डॉक्टर 'फारचा आजार' म्हणाले, तर तिला वाटलं आजार फार पुढे गेलाय. फार हे १९३० मध्ये याबद्दल लिहिणाऱ्या जर्मन डॉक्टरांचं आडनाव, हे तिला अजून पटलेलं नाही. बाबांच्या कॅल्शियमच्या गोळ्याही तिने लपवून टाकल्यात. रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फेट सगळं नॉर्मल आहे, तरीही!

खरा घोळ फॉस्फेटचा आहे. बाबांच्या तपासणीत एसएलसी२०ए२ या जनुकात दोष निघाला. आठव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरचं हे जनुक पिट-२ नावाचं प्रथिन बनवतं. ६५२ अमिनो आम्लांची ती साखळी पेशीच्या आवरणात रुतून असते. सोडियम बाहेर भरपूर, आत कमी. त्यामुळे दोन सोडियम आत घुसतात आणि जाताना एका फॉस्फेटला ओढून नेतात. ही ने-आण मंदावली की मेंदूभोवतीच्या द्रवात फॉस्फेट साठतं आणि कॅल्शियमशी जुळून त्याचे खडे होतात. सीटी स्कॅनवर बाबांच्या मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना, चुना सांडल्यासारखं दिसतं.

गंमत म्हणजे, हे दार आधी चोरामुळे सापडलं. उंदरांत ल्युकेमिया घडवणारा एक विषाणू याच प्रथिनाला धरून पेशीत शिरतो, हे १९९४ मध्ये कळलं. मेंदूतल्या खड्यांशी या जनुकाचा संबंध चिनी संशोधकांनी जोडला तो थेट २०१२ मध्ये.

दोनपैकी एक प्रत बिघडली तरी पुरतं. म्हणजे ताईला आणि मला प्रत्येकी ५० टक्के शक्यता. मात्र खडे असूनही काहींना जन्मभर काही होत नाही. बाबांचा हात थरथरतो, बोलणं अडखळतं; आजोबा तसेच बोलायचे, आम्ही म्हातारपण समजलो.

खडे विरघळवणारं औषध नाही, मग कळून काय करायचं, असं मी ताईला ऐकवलं. ती म्हणाली, "तुला मुलगी आहे." तिने रक्त देऊनही टाकलं.

माझा फॉर्म भरून पाकिटात पडून आहे. पुढच्या आठवड्यात येतोयस ना? सकाळी मोकळा असशील तर बरोबर चल.

तुझाच,
तोच घाबरट